टिकलीखालचा दिवा

रोहिदास इंजिन बंद करून घाट उतरायचा, हे जव्हारात कुणालाही विचारलं असतं तरी सांगितलं असतं. मलाही माहीत होतं. मी त्याला शंभर प्रश्न विचारले, नव्या गाडीनेही तसाच उतरता का, हा एकच विचारायचा राहिला. म्हणून आज त्याच्याबद्दल लिहायला बसले आहे. स्वभावाने मी तापट आहे, तेव्हा हे लिहिणं शांत, समंजस वगैरे होईल अशी कुणी अपेक्षा ठेवू नये.

मी अल्मास. जव्हारला आमचं गॅरेज आहे, म्हणजे माझ्या अब्बांचं. मंसूर मिस्त्री म्हटलं की पार मोखाड्यापर्यंतचे ड्रायव्हर कान टवकारतात, कारण अब्बा गाडी कानाने तपासतात. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, तीन नंबरचा इंजेक्टर गेला. चाळीस वर्षांत ते फार थोड्या वेळा चुकले असतील. मी पुढे काउंटरवर पार्ट विकते आणि नाशिकला चार महिने शिकून आल्यापासून स्कॅनर लावते. स्कॅनर म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं हातात मावेल एवढं यंत्र. गाडीला कुठे दुखतंय ते हे यंत्र आकड्यांत सांगतं. जुनी गिऱ्हाइकं माझ्यासमोर गाडी उभी करतात आणि माझ्या डोक्यावरून अब्बांना हाक मारतात. मला त्याची सवय झाली आहे असं मी सगळ्यांना सांगते. झालेली नाही.

रोहिदास साखरशेतचा. घरात जमीन कधी नव्हती. दिवाळी झाली की आईबाप भांडीकुंडी बांधून वीटभट्टीला निघायचे आणि हा पोरगा ट्रकच्या मागे, विटांच्या धुळीत, आईच्या मांडीत. ट्रकच्या मागे बसणं म्हणजे काय असतं ते त्याच्या हाडांना ठाऊक होतं. त्यामुळे पुढे त्याची स्वतःची पिकअप आली तेव्हा त्याने सर्वांत आधी मागच्या हौद्याला दोन्ही बाजूंनी जाड दोर बांधले. धरायला. खाली गवताच्या पेंढ्या, वर ताडपत्री. आमच्या भागात माणसं भरून नेणाऱ्या पिकअप शेकड्यांनी आहेत. त्यांत दोर मी एकाच गाडीला पाहिले.

गाडी चालवायला तो शिकला माघ्याकडून. माघ्या जव्हार–मोखाडा लाइनवर जीप चालवायचा. त्याने रोहिदासला शिकवलेल्या गोष्टी रोहिदास अगदी देवाचं नाव घ्यावं तशा सांगायचा. रात्री गाडी लावली की बॅटरीची वायर काढून ठेव. दसऱ्याला गाडी आतून-बाहेरून धू, इंजिनसुद्धा. दिव्याबिव्यावर विसंबू नको, कान दे. आणि उताराला डिझेल जाळू नको, घाटाच्या तोंडाशी इंजिन बंद कर, गाडी आपल्या वजनाने उतरते. खालच्या वळणाच्या आधी गिअर टाकून क्लच सोड, इंजिन आपोआप पकडतं.

हे सगळं चूक होतं असं म्हणणाऱ्याशी मी भांडेन. या शिकवणीवर रोहिदासने आपली जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली पिकअप चौदा वर्षं चालवली. तिच्यात कॉम्प्युटर नव्हताच. अब्बा तिला हात लावताना हसायचे, म्हणायचे, "रोहिदास, ही गाडी तुझ्यापेक्षा जास्त जगेल." तसंच झालं म्हणायचं. ती आजही विक्रमगडकडे कुणाकडे तरी धावते आहे.

त्याची बायको जानी. गाडी रोहिदास चालवायचा, पण गाडीतली माणसं जानीची. गावातल्या अकरा बाया तिने जमवल्या होत्या. पहाटे सगळ्यांना उठवून, मोजून, हौद्यात बसवून ती स्वतः पुढे नवऱ्याच्या डाव्या हाताला बसायची. मग घाट उतरून मिरचीच्या मळ्यांवर. संध्याकाळी तशाच परत. दुसऱ्याच्या ट्रकने भट्टीवर जाऊन सहा महिने झोपडीत काढण्यापेक्षा रोज आपल्या घरी झोपायला मिळणं, हे या गाडीमुळे होतं. जानीच्या कमरेच्या पिशवीत टिकल्यांचं पाकीट कायम असे. मोठी, लाल टिकली. मळ्यात घामाने ती सुटली की जानी बोटावर उचलायची, न बघता कपाळावर परत दाबायची आणि पुढची मिरची तोडायची.

गेल्या उन्हाळ्यात त्यांनी नवी पिकअप घेतली. पांढरी, चकचकीत, सेन्सरांनी भरलेली. मी रोहिदासला बसवून सांगायला गेले की या गाडीत काय करायचं आणि काय नाही. तो ऐकत होता, मान हलवत होता आणि बघत होता अब्बांकडे. अब्बा स्क्रूड्रायव्हर लावून म्हणाले, "मक्खन आहे रे मक्खन." रोहिदासचा चेहरा फुलला. माझं बोलणं तिथेच संपलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्याने गाडी धुतली. गावाला नाही, इथे आमच्याच शेजारच्या वॉशिंगवर, मोठ्या पंपाने. बॉनेट उघडं. पाण्याचा जोरदार फवारा थेट इंजिनावर. मी काउंटरवरून पळत गेले.

"दादा, आत नका मारू पाणी! आत वायरींचे प्लग आहेत, पाणी शिरेल."

"ताई, चौदा वरसा धुतली. काय झाला तिला?"

त्यांच्या बोलीत अहो-जाहो नाहीच, तहसीलदारालाही तूच म्हणतात. तो मला 'तू' म्हणायचा आणि मी त्याला 'तुम्ही', आणि तरी मोठा तोच वाटायचा. मी ओरडत राहिले, तो हसत धूत राहिला. दुसऱ्या दिवशी गाडीला झेंडूचा हार, आंब्याची पानं, चाकाखाली लिंबू. फोटोही काढला त्यांनी. तो फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहे, मी उघडत नाही.

चार-पाच दिवसांनी पिवळा दिवा लागला. इंजिनाच्या आकाराचा, समोरच्या काट्यांच्या मधोमध. तो सांगायला आला तेव्हा दिवा गेलेला होता. मी स्कॅनर लावला तर पाटी कोरी. अब्बांनी ऐकलं, इंजिन छान. रोहिदास हसला, मी चरफडले. पुन्हा आठवड्याने तेच. तिसऱ्यांदा आला तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा रोज रात्री बॅटरीची वायर काढत होता. वायर काढली की कॉम्प्युटर दिवसभराचं सगळं विसरतो. सकाळी दिवा विझलेला, गाडी शहाण्यासारखी गप्प.

मी त्या दिवशी फार बोलले त्याला. "रोज रात्री तुम्ही तिची जीभ कापता आणि सकाळी माझ्याकडे आणून म्हणता बोलत नाही! वायर काढायची नाही. दिवा लागला तर लागू दे, पेटलेलाच आणा माझ्याकडे."

शेडमधले दोन-तीन ड्रायव्हर फिदीफिदी हसले. रोहिदास हसला नाही. त्याने ऐकलं. चौदा अधिक कितीतरी वर्षांची सवय त्याने माझ्या एका ओरडण्याने सोडली. लोक म्हणतात की गाववाले ऐकत नाहीत. हा ऐकणारा माणूस होता, आणि त्याने माझं जे एक ऐकलं त्यातून पुढचं घडत गेलं. हे मला कुणी समजावून काढून टाकू शकत नाही.

दिवाळीनंतरच्या सोमवारी तो आला, बरोबर जानी. बाजारातून परत जाताना थांबले होते. मी स्कॅनर घेऊन आत बसले तर दिवा दिसेना. दिव्याच्या जागी लाल टिकली.

"हे काय वहिनी?"

जानी म्हणाली, "मंग काय करू? तू सांगलास पेटलेला ठेव. याची नजर सारखी तेच्यावर. वळणाला पण दिवाच बघतो. रस्ता कोन बघल, मी?"

मी हसले. लिहिताना हात जड होतो, पण हसले हे खरं आहे. अब्बाही हसले, म्हणाले, "लगीन लावलं वहिनीने गाडीचं." रोहिदास लाजला. टिकलीच्या कडेने पिवळा उजेड बारीक रेषेसारखा दिसत होता.

या वेळी बिघाडाचा कोड मिळाला. क्रँक सेन्सर. अंगठ्याएवढी वस्तू, इंजिनाच्या खालच्या बाजूला बसते. इंजिन फिरतंय की नाही हे कॉम्प्युटरला हाच सांगतो. त्याने सांगितलं नाही तर कॉम्प्युटर डिझेल सोडत नाही, मग तुम्ही कितीही ढकला. मी खाली वाकून प्लग काढला. आत हिरवी बुरशी चढली होती, दसऱ्याच्या पाण्याची. साफ केला, स्प्रे मारला, तरी सेन्सरच गेल्यात जमा होता. नवा नाशिकहून मागवावा लागणार होता. तो शनिवारपर्यंत येणार होता.

"कधी बंद पडते का गाडी?" मी विचारलं.

"चालताना नाय. परवा मोखाड्याच्या बाजारात च्या प्यायलो, आलो तं चालूच होईना. स्टार्टर फिरं, पन पकडं नाय. मंग दहा मिनटा थांबलो, झाली. आता मी च्याला पन बंद करत नाय."

इथे मी थांबायला हवं होतं. गरम असताना चालू न होणारी आणि थंड झाली की एका चावीत सुरू होणारी गाडी, यावर आम्हाला नाशिकला अख्खा दिवस शिकवला होता. गरम इंजिन बंद केलं की आतलं पाणी फिरायचं थांबतं, इंजिन पहिली काही मिनिटं थंड होण्याऐवजी उलट आणखी तापतं, आणि आजारी सेन्सर नेमका तेव्हा मुका होतो. मला हे पाठ होतं. मी म्हणायला हवं होतं, दादा, शनिवारपर्यंत गाडी इथेच राहू दे.

पण त्या दिवशी सकाळीच माझं आणि अब्बांचं भांडण झालं होतं, याच स्कॅनरवरून. अब्बा म्हणाले होते, तुझ्या यंत्रामुळे चांगल्या गाड्या आजारी पडायला लागल्यात. आणि आता ते स्क्रूड्रायव्हर कानापासून काढून रोहिदासला सांगत होते, "इंजिन एक नंबर आहे. मी लिहून देतो." खरंच होतं ते. इंजिन एक नंबरच होतं. रोहिदासने माझ्याकडे पाहिलं. जानीनेही. अकरा बायांची रोजंदारी तिच्या डोळ्यांत होती. गिऱ्हाइकासमोर बापाला खोटं पाडायचं नाही एवढंच माझ्या मनात आलं आणि मी म्हटलं,

"फक्त सेन्सर आहे. शनिवारी बदलू. तोवर चालवा."

रोहिदासने आपल्या डोक्याने हिशेब केला तो असा असणार: चावीने चालू होत नाही म्हणजे स्टार्टरची भानगड. घाटात आपण चावीने चालू करतच नाही, क्लचवर करतो. क्लच कधी फसवत नाही. जुन्या गाडीत हा हिशेब बरोबर होता. माघ्याची बॅटरी मेलेली असायची आणि जीप वर्षानुवर्षं उतारावरच चालू व्हायची. घाट कसा उतरता, हे मी विचारलं नाही. त्याने सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काय आहे? श्वास कसा घेता हे कुणी सांगत बसत नाही.

मंगळवार गेला. बुधवार गेला. मी दोन्ही दिवस संध्याकाळी दारात उभी राहून पांढरी गाडी वर आलेली पाहिली. का उभी राहिले ते तेव्हा स्वतःलाही सांगितलं नसतं. बुधवारी त्याने हॉर्न दिला, मागच्या बायांनी हात हलवले. सुकरी नावाची म्हातारी दोराला धरून उभी होती. मला बरं वाटलं. मी आत जाऊन चहा टाकला.

गुरुवारी सकाळी खाली गेलेली गाडी परत वर आली नाही.

पुढचं मला जानीने सांगितलं. घाटाच्या तोंडाशी त्याने नेहमीप्रमाणे इंजिन बंद केलं, चावी एक घर पुढे ठेवली, म्हणजे स्टेअरिंग अडकत नाही. गाडी गपचूप उतरू लागली. मागे बाया गप्पा मारत होत्या, इंजिन नसल्याने त्यांचं बोलणं पुढेपर्यंत ऐकू येत होतं. कुणाच्या तरी नणंदेची गोष्ट चालली होती. रोहिदास ती ऐकून हसला. खालच्या मोठ्या वळणाआधी त्याने गिअर टाकला आणि क्लच सोडला. गाडीला हिसका बसला. इंजिन पकडलं नाही.

तिथेच त्याने गाडी गिअरमध्ये राहू दिली असती तरी न पेटलेल्या इंजिनाने तिला मागून धरून ठेवलं असतं. पण हाताला आणि पायाला माघ्याने शिकवलं होतं तेच त्यांनी केलं. क्लच पुन्हा दाबला, पुन्हा सोडायला. गाडी मोकळी झाली आणि सुटली. पुन्हा सोडला, पुन्हा हिसका, पुन्हा दाबला. चावी फिरवली. स्टार्टर ओरडत राहिला. जानी म्हणाली, समोरचे सगळे दिवे एकदम पेटले. लाल, पिवळे, सगळे. आणि मधे तिची टिकली. ब्रेकवर तोवर तीन-चारदा पाय पडला होता. इंजिन फिरत नसलं की त्या ब्रेकमधला जोर तेवढ्यातच संपतो. मग पेडल दगड होतं. तो पेडलवर उभा राहिला. जानीला म्हणाला, "धर." एवढंच.

उतरताना दरी डावीकडे. डावीकडे जानी. मागे अकरा बाया. उजवीकडे खोदलेला कातळ. बंद गाडीचं स्टेअरिंग दोन माणसांनी ओढावं एवढं जड असतं. त्याने ते एकट्याने उजवीकडे ओढलं आणि आपली बाजू कातळाला लावली. गाडी घासत, ओरडत पुढे गेली आणि थांबली. बायांच्या हातांचे तळवे दोरांनी सोलून निघाले होते, दोघींची हाडं मोडली, सुकरीचे पुढचे दात गेले. जानीचा हात मोडला. बाराच्या बारा जणी जिवंत होत्या. रोहिदास नव्हता.

नवा सेन्सर शनिवारी आला, ठरल्याप्रमाणे, एसटीच्या पार्सलने. मी सही करून घेतला.

लोक काय म्हणायचं ते म्हणाले. ब्रेक फेल. नवीन गाड्या भंगार. वाहकाचा निष्काळजीपणा, असं कागदावर कुणीतरी लिहिलं, तेही वाहक आणि चालक यातला फरक न कळणाऱ्या माणसाने. निष्काळजी! रोज टायरला हात लावल्याशिवाय निघत नव्हता तो. मला कागद फाडावासा वाटला.

तीन आठवड्यांनी पोलिसांकडून गाडी सुटली आणि ओढून आमच्या शेडला आणली. उजवी बाजू पार आत गेलेली, बॉनेटच्या आतलं मात्र जागच्या जागी. दुसऱ्या दिवशी सकाळी जानी आली. हात गळ्यात बांधलेला, कपाळ मोकळं. गाडीतलं सामान न्यायचं होतं तिला. डबा, एक शाल, त्याच्या चपला.

अब्बा गाडीपाशीच होते. पहाटेपासून तिथेच बसले होते. डाव्या दाराने आत शिरून ते आडवे झाले आणि त्यांनी चावी फिरवली.

गाडी एका चावीत सुरू झाली.

थंडीची सकाळ, रात्रभर उघड्यावर राहिलेलं इंजिन. अगदी गुळगुळीत चालत होतं. अब्बा बाहेर आले. त्यांचा हात आपसूक खिशाकडे गेला, स्क्रूड्रायव्हर निघाला, टोक इंजिनाला टेकलं, मूठ कानाला गेली. डोळे मिटले त्यांनी. बराच वेळ ऐकत राहिले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसत नव्हते. चाळीस वर्षं ज्या कानावर घर चाललं तो कान आताही त्यांना तेच सांगत होता, की हिला काही झालेलं नाही.

जानी जवळ आली. "चालू झाली," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "मंग तवा का नाय झाली?"

"थंड असली की होते," मी म्हटलं. "तापलेली असताना बंद केली की नाही होत. तो सेन्सर गरम झाला की काम सोडतो."

"तुला ठाव होता?"

अब्बांनी डोळे उघडले. मी खोटं बोलू शकले असते. कोण तपासणार होतं?

"होतं, वहिनी. सोमवारीच कळलं होतं मला. गाडी इथेच ठेवा म्हणायला हवं होतं. मी 'फक्त' म्हटलं."

मला वाटलं ती ओरडेल. तिने ओरडावं असं मला फार वाटत होतं. ती डाव्या दाराने, आपल्या नेहमीच्या जागेवर, आत बसली. इंजिन चालूच होतं. जरा वेळाने तिने चांगला हात पुढे केला आणि काट्यांच्या मधली टिकली नखाने सोडवली. खाली पिवळा दिवा पेटलेलाच होता.

टिकली तिच्या बोटाच्या टोकाला चिकटली. तिने ती पाहिली नाही. ती दिव्याकडे बघत होती, आणि हात आपल्या सवयीने वर कपाळाकडे गेला. भुवयांपर्यंत पोचून थांबला. तसाच राहिला.

अब्बांनी वाकून चावी फिरवली आणि इंजिन बंद केलं.